टॉवेल-टोपीचा फ्लॅट

सुनंदाताईंच्या खिडकीपुढं मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला कंपनीत लागून तीनच दिवस झाले होते आणि मला एक स्टेपलर पाहिजे होता. जाळीच्या खिडकीआड एक सावळी, रुंद बाई बसलेली. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. मी म्हटलं, "मॅडम, स्टेपलर पाहिजे होता." त्यांनी वर न बघता हात पुढं केला. मला वाटलं, ओळख करून घेतायत. मी हात मिळवला. त्यांनी आधी तो हात बघितला, मग मला बघितलं आणि म्हणाल्या, "स्लिप."

चिकलठाण्याच्या जुन्या वसाहतीतली आमची कंपनी. मी डिस्पॅचला, ताई स्टोअरला. नटबोल्टपासून हातमोज्यांपर्यंत जे काही लागतं ते त्या खिडकीतून मिळायचं, आणि स्लिपवर सही असल्याशिवाय काहीही मिळायचं नाही. एकदा खुद्द मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले आणि म्हणाले, सहा हेल्मेट द्या. ताई म्हणाल्या, स्लिप. साहेब हसले, पाहुणेही हसले. ताई हसल्या नाहीत. साहेबांनी तिथंच उभं राहून, पाहुण्याच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. फोर्कलिफ्टवाले शेखभाई तेव्हापासून नव्या माणसाला समजावून सांगायचे, "वो बाई नै, ताला है. चाबी लेके जाना." ताईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की कुलूप आहे म्हणून तर माल आहे.

ताईंचं सगळ्या जगाविषयीचं मत वाईट होतं, आणि ते त्या लपवत नसत. मॅनेजर म्हणजे 'टाय लावलेला हमाल'. महिला दिनाला कंपनी आम्हा बायकांना गुलाबाचं एकेक फूल द्यायची, ते ताई घ्यायच्या आणि टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीला विचारायच्या, "आता हे कशात घालायचं, भाजीत?" भाकरी आणि ठेचा उभ्यानं खायच्या. बसून खाल्लं की लोक शेजारी येऊन बसतात आणि विचारतात, असं त्यांचं म्हणणं.

काय विचारतात, हे मला लवकरच कळलं. आमच्याकडच्या लोकांना दुसऱ्याच्या मोडक्या संसाराची लई काळजी. नवीन लागलेली एक पोरगी एकदा डोळे ओले करून विचारती झाली, "ताई, तुम्हाला मिस्टरांनी सोडलं का हो?" ताई म्हणाल्या, "नाय. मी रिजेक्ट केला. इनवर्डलाच, माल आत घेतानाच करायला पाहिजे होता, मला उशीर झाला." ती पोरगी पुन्हा आठ दिवस स्टोअरकडं फिरकली नाही.

त्या नवऱ्याबद्दल ताईंनी मला एकदाच सांगितलं. तो पीत नव्हता, मारत नव्हता. तो बोलायचा नाही. भाजीत मीठ जास्त झालं की सहा-सहा महिने अबोला. ताट सरकवलं की जेवायचा, उठायचा, जायचा. सासू म्हणायची, किती शांत आहे माझा लेक. "नऊ वर्षं मी त्या घरात एकटीच बोलले," ताई म्हणाल्या, "मला माझ्याच आवाजाची शिसारी आली." घटस्फोटाला पुरावा काय द्यायचा, हा वकिलालासुद्धा प्रश्न पडला होता. गप्प बसण्याला कुठलं कलम लावणार?

घटस्फोट झाला आणि दोन वर्षांत ताईंनी विमानतळाच्या बाजूला फ्लॅट घेतला. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी. हप्ते त्यांच्या पगारातून, फरशी त्यांच्या पसंतीची, पडदे त्यांनी स्वतः शिवलेले. घरात पाऊल ठेवलं की आवाजच आवाज. रेडिओ दिवसभर चालू, कुकरची शिट्टी, कपाटाची दारं धाडकन लावायची, आणि ताई एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना चक्क स्वतःशी भांडायच्या. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून, पाय कठड्यावर ठेवून उतरणारी विमानं बघायच्या. आत बसलेल्या लोकांनाही त्या सोडायच्या नाहीत. "बघ, एवढे पैसे भरून आले आणि आता बॅगेसाठी भांडतील," असं काहीतरी म्हणायच्या, पण चेहरा असा खूश की मला हसू यायचं. ती बाई त्या घरावर जीव टाकत होती. दुसरा शब्द नाही.

आणि त्याच घराच्या कागदावर, कधी कुणाचा शब्द न मानणाऱ्या या बाईनं, आयुष्यातली एकमेव चूक करून ठेवली होती. बिल्डरच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, "मॅडम, एकट्या बाईमाणसाच्या नावावर नको. उद्या काय झालं तर धावपळ. भावाचं नाव लावून टाका सोबत." बरोबर आलेला धाकटा भाऊ दिगंबर शेजारीच बसला होता. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला वैजापूरहून एस.टी.नं येणारा माहेरचा हा एकच माणूस. बाकी सगळे तोंड लपवून होते. ताईंना त्याचं कौतुक होतं. त्यांनी लावलं नाव. "तेव्हा मला कुणीतरी सोबत आहे एवढंच बरं वाटलं गं," असं त्या मला नंतर म्हणाल्या, आणि मग लगेच स्वतःलाच एक शिवी हासडली.

वास्तुशांतीला तर कळसच झाला. गुरुजी म्हणाले, पूजेला जोडपं पाहिजे. मग दिगंबर आणि त्याची बायको लता पाटावर बसले. संकल्प त्यांचा, होम त्यांचा, नारळ त्यांच्या हातचा. आणि घराची मालकीण स्वयंपाकघरात कणीक मळत होती, कारण पुरण उरलं होतं आणि पोळ्या कमी पडल्या होत्या. पूजेनंतर पाहुण्या बायकांनी लताची ओटी भरली. ताई हे सांगताना म्हणायच्या, "गुरुजींचं बरोबरच होतं. माझ्या घरात मी म्हणजे वाढपी."

दिगंबरचा मुलगा ओंकार डिप्लोमाची दोन वर्षं ताईंकडंच राहिला. त्याला सकाळी सातला गरम पोळी लागायची म्हणून ताई पाचला उठायच्या. कंपनीत सगळ्यांना चिमटे काढणारी ही बाई या पोराविषयी मात्र चकार शब्द वाईट बोलायची नाही. मला तो पोरगा कधी आवडला नाही. पाण्याचा ग्लास जिथं प्याला तिथंच ठेवणारा. पण मी कोण बोलणारी?

ताई निवृत्त झाल्या त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. लोणच्याच्या कैऱ्या फोडायला मी त्यांच्याकडं गेले होते. दिगंबरचा फोन आला, "ताई, पाहुणे आहेत सोबत. शहरात आलोत कामानं. जाताना चहा घेऊ." ताईंनी कैऱ्या बाजूला सारल्या, आधण ठेवलं. सहा माणसं आली. दिगंबर, ओंकार, आणि चार अनोळखी. त्यातला एक पांढऱ्या कपड्यातला, जाड मिशांचा माणूस चपला घालूनच बेडरूमपर्यंत गेला. भिंतीवर बोटानं टकटक केलं. नळ सोडून बघितला. त्याच्याबरोबरच्या बाईनं ताईंचं कपाट उघडलं, आतल्या साड्या बघून पुन्हा लावलं, आणि म्हणाली, "इथं दिवाण बसंल. कपाट मात्र आपलंच आणावं लागंल, हे लई जुनं आहे."

मी कैरी फोडायची थांबले. तेवढ्यात मिशीवाल्यानं चहाचा घोट घेतला आणि ताईंना एकदम आपुलकीनं विचारलं, "आत्याबाई, लग्न झाल्यावर तुम्ही गावाकडं जाणार का इथंच राहणार? नाय म्हणजे, पोरगी आमची लाडाची आहे. तिला एकटं राहायची हौस आहे."

तो मुलीचा मामा होता. त्याच्या हातात ओंकारच्या लग्नाचा बायोडाटा होता. त्यानं तो टीपॉयवर ठेवला आणि मी सरळ वाचला. उंची, रंग, गोत्र, आणि खाली ठळक अक्षरात, संभाजीनगर येथे स्वतःचा वन बीएचके फ्लॅट.

हल्ली आमच्याकडं पोराचं लग्न जमवायचं म्हणजे पोराला कुणी विचारत नाही. शेत किती, हे विचारतात, आणि शेतात काम करावं लागणार नाही ना, हेही विचारतात. शहरात फ्लॅट पाहिजेच. मग कुणी चुलत्याचा दाखवतं, कुणी मित्राचा दाखवतं. दिगंबररावांनी बहिणीचा दाखवला. निदान बहिणीला सांगून तरी दाखवायचा, पण तेवढी लाज असती तर बायोडाटा छापलाच नसता.

ताईंनी कप उचलले, विसळले, पाहुण्या बाईला हळदीकुंकू लावलं, सगळ्यांना दारापर्यंत पोचवलं. दार लागल्यावर मी उसळलेच. "ताई, तुम्ही गप्प का बसल्या? एका साहेबाला तुम्ही सहा हेल्मेटांसाठी उभं केलं होतं."

"ओंकारचं तोंड बघितलंस का?" ताई म्हणाल्या. "खाली बघत होता. त्याला माहीत होतं. पाच वाजता उठून मी त्याला पोळी करून घालत होते आणि त्याला सगळं माहीत होतं." मग त्या रडल्या. मी त्यांना त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं. त्या रडताना फार वाईट दिसत होत्या, आणि मला दिगंबरचं डोकं त्या कैरीच्या विळीवर धरावंसं वाटलं.

आठच दिवसांत ताईंनी घर विकायला काढलं. त्याच वसाहतीत नोकरीला असलेला एक तरुण आणि त्याची बायको बघायला आले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, एवढ्यावर ताईंनी त्यांना होकार दिला आणि इसार पावतीवर सही करून मोकळ्या झाल्या. रागात माणूस असंच करतो. वकिलानं कागद बघितला आणि सांगितलं, दुसरं नाव आहे, भावाची सही लागेल. ताईंनी दिगंबरला फोन लावला. तो म्हणाला, "माझी सही मिळायची नाय. घराची पूजा आम्ही केलीय ताई. आज ना उद्या पोराचंच आहे ते."

त्यानंतर फोनांची जी रांग लागली ती काय सांगावी. ज्या मावश्या आणि आत्या कोर्टाच्या दिवसांत ताईंची सावली टाळत होत्या, त्या सगळ्यांना एकदम प्रेमाचं भरतं आलं. एकटीला किती जागा लागते गं. भाच्याच्या नावावर कर, म्हातारपणी तोंडात पाणी घालायला कुणीतरी पाहिजे. एका मावसबहिणीनं तर सांगितलं, ओंकारच्या लग्नात तुला मानाची पैठणी आहे, आम्ही बघितली, जांभळी आहे. ताईंनी फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडत हे सगळं ऐकलं. शेवटी फोन बंद करून माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "रेखा, उद्या सुट्टी टाक. वैजापूरला जाऊ. तिथं सुपारी फुटणार आहे."

वाटेत बाजारात उतरून ताईंनी एक पॅन्टपीस, एक शर्टपीस, टॉवेल, पांढरी टोपी आणि नारळ घेतला. मला वाटलं, बाई मऊ पडली, भाच्याच्या सुपारीला आहेर घेऊन निघाली. मला तेव्हा त्यांचा रागच आला.

दिगंबरच्या अंगणात सतरंज्या टाकलेल्या, मंडळी बसलेली, मुलीकडचे मामा मधोमध. ताईंना बघून लता दचकली, पण आहेराची पिशवी बघून हसली. ताईंनी पाट मागवला. दिगंबरला त्यावर बसवलं. कपाळाला गंध लावलं, खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी घातली, कापडं आणि नारळ मांडीवर ठेवला. लोक कौतुकानं बघत होते. बहीण असावी तर अशी, असं एक बाई म्हणालीसुद्धा.

मग ताई त्यांच्या रोजच्या खिडकीतल्या आवाजात म्हणाल्या, "दिगंबर, बाबा गेल्यावर तू मला इथल्या तहसीलला नेलं होतंस. मी बाबांच्या जमिनीवरचं हक्कसोड करून दिलं. घरी आल्यावर तू ह्याच पाटावर बसवून मला साडी नेसवलीस. भाऊ साडीचोळी करतो आणि बहीण सही करते, आपल्यातली रीत आहे. मी तेव्हा विचारलं नाही, जमीन किती. आता तू विचारू नको, फ्लॅट केवढा. मी साडीवर सोडलं, तू टोपीवर सोड. मंगळवारी रजिस्ट्रारकडं ये, सही कर."

टोपी काढावी तर बहिणीच्या आहेराचा अपमान, ठेवावी तर पंचाईत. दिगंबर टोपीसकट बसून राहिला. "ताई, चार लोकांत असं," तो पुटपुटला.

"रीत चार लोकांतच असते," ताई म्हणाल्या. "साडी काय मला अंधारात नेसवली होतीस?"

मुलीच्या मामानं मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "म्हणजे फ्लॅट तुमचा आहे का काय?" लता चहाचं बघायला म्हणून आत गेली. कोपऱ्यात दिगंबरचे म्हातारे चुलते बसले होते. त्यांनीही आपल्या तीन बहिणींच्या सह्या अशाच घेतल्या होत्या, हे साऱ्या गावाला माहीत. म्हातारा बराच वेळ काठीनं जमीन टोकरत राहिला. मग म्हणाला, "कर बाबा सही. रीत काढलीच तिनं, तर आता काय बोलणार."

सुपारी फुटली नाही. मामा चहा घेऊन उठले. लतानं आमच्या पाठीमागं जे काही म्हटलं ते मी इथं लिहीत नाही. बायकांनी बायकांना द्यायच्या शिव्यांत आमचा तालुका फार पुढं आहे.

दिगंबर मंगळवारी आला. त्यानं सही केली, अंगठा दिला, कॅमेऱ्यापुढं बसला. ताईंकडं एकदाही बघितलं नाही. जाताना दारात थांबून म्हणाला, "आता तुला माहेर नाय." ताई म्हणाल्या, "बरं." कोर्टाच्या तारखांना येणारा हाच तो भाऊ. तो फाटकातून बाहेर पडेपर्यंत ताई त्याच्याकडं बघत उभ्या होत्या.

बाहेर रसवंतीच्या बाकावर बसल्यावर मी म्हटलं, "ताई, आता घर एकटीचं झालं तुमचं. आता कशाला विकता? इसार परत करा, त्या पोराला समजावून सांगा. नाहीतर मी सांगते."

"सही झालीय माझी," ताई म्हणाल्या.

"सही गेली खड्ड्यात."

"मग आयुष्यभर मी लोकांना काय म्हणून थांबवलं?" असं म्हणून त्यांनी उसाच्या रसाचा ग्लास संपवला. मी त्यांच्यावर एवढी चिडले की घरी येईपर्यंत बोलले नाही. हट्टी, आडमुठी, मूर्ख बाई. स्वतःच्याच नियमाखाली चिरडून घ्यायला निघालेली. आजही मला वाटतं की मी तेव्हा भांडायला पाहिजे होतं, चांगलं रस्त्यात उभं राहून.

खरेदीखत झालं. ताईंनी सिडकोत एका मैत्रिणीच्या घराच्या खालच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सामान गेलं त्या दिवशी सकाळी मी मदतीला गेले. टेम्पो पुढं निघून गेला होता, आणि ताई रिकाम्या घरात फरशी पुसत होत्या. मी म्हटलं, ते लोक पुन्हा पुसणारच आहेत. ताई म्हणाल्या, त्यांचं ते पुसतील. नवीन जोडपं आलं, पोरीच्या हातात दुधाचं पातेलं होतं. ताईंनी तिला किल्ल्या दिल्या, कोणती कशाची ते सांगितलं, चपला घातल्या आणि निघाल्या.

पहिला जिना उतरून आम्ही वळणावर आलो. ताई एकाएकी पायरीवर बसल्या. मला वाटलं, चक्कर आली. मी खाली वाकले तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"मला नव्हतं विकायचं रेखा," त्या म्हणाल्या. "मला इथंच मरायचं होतं. ते लोक दिवाण कुठं बसंल म्हणून बघत होते ना, त्या दिवसापासून मला त्या खोलीत झोप लागेना. पण आठ दिवस थांबले असते तर लागली असती. मी थांबले नाही गं."

मी त्यांच्या शेजारी बसले. आमच्या डोक्यावर दार उघडलं आणि त्या नव्या पोरीनं कठड्यावरून वाकून हाक मारली, "मावशी, अहो मावशी, गिझर चालू होत नाही. कोणतं बटण आहे?"

ताईंनी पदरानं तोंड पुसलं. घसा साफ केला.

"बाथरूमच्या बाहेर, डावीकडून दुसरं," त्यांनी वर बघत सांगितलं. "आधी नळ सोड, पाणी येऊ दे, मग लाव. आणि दार जोरात ओढून घे, नाहीतर लागत नाही."

"हो मावशी," ती म्हणाली आणि आत गेली. दार धाडकन लागलं. ताई तो आवाज ऐकेपर्यंत बसून राहिल्या, मग कठड्याला धरून उठल्या आणि खाली उतरू लागल्या.